आधीच उघडलेला मेसेज

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका ठाण्यातली चोरी दुसऱ्या ठाण्याला चिकटते, चेहरा एका गुन्ह्यातला आणि नाव भलत्याच गुन्ह्यातलं, असं होतं. हे एक मात्र जसंच्या तसं ध्यानात राहिलं आहे. त्यात काच तडकलेला एक फोन होता आणि त्यातले मेसेज पुसता पुसता जीव मेटाकुटीला आलेली एक बाई होती. नाव कुणाचंच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांना पुढंही तिथंच राहायचं आहे.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नाचणगावच्या पुढची बरीच खेडी आमच्या हद्दीत येत. तुरी निघाल्या होत्या, ऊन तापायला लागलं होतं. अशा एका सकाळी पांढरा शर्ट घातलेला एक धिप्पाड माणूस ठाण्यात आला आणि ठाणे अंमलदारासमोर बसूनच बोलायला लागला. पुतणी हरवली होती. वर्ध्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजला म्हणून गेली ती परत आली नाही. सोबत मुलीचा बाप होता, म्हणजे याचा धाकटा भाऊ. तो भिंतीला टेकून उभा होता आणि मी काही विचारलं की आधी मोठ्या भावाच्या तोंडाकडं पाहत होता.

मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल केली. मोठ्या भावानं एका मुलाचं नावही लगेच सांगून टाकलं. तो वर्ध्याच्या एका दुकानात कामाला, दुसऱ्या समाजाचा, आणि त्याच दिवसापासून तोही बेपत्ता.

“मुलगी सज्ञान आहे,” मी म्हणालो. “राजीखुशीनं गेली असेल तर तिचा जबाब घेऊ, एवढंच आमचं काम.”

“सज्ञान-बिज्ञान आमच्या घरात नसते साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त जागा सांगा. पुढचं आमचं आम्ही पाहू.”

हे ‘पुढचं आम्ही पाहू’ मी आयुष्यात खूपदा ऐकलं आहे. त्याचा अर्थ दर वेळी एकच निघतो.

त्या दिवसापासून तो रोज यायचा. सकाळच्या हजेरीच्या वेळी गेटवर त्याची गाडी उभी. आमच्याच बाकावर बसून, आमचाच चहा पिऊन आम्हालाच कामाला लावायचा. लोकेशन काढलं का? कॉलची यादी, तो सीडीआर, आला का? त्या पोट्ट्याच्या मायबापाला आत काऊन नाही घेत? एक शिपाई द्या साहेब, गाडी माही, डिझेल माहं, मी शोधून आणतो. एकदा तर बोलता बोलता त्यानं माझ्या टेबलावरची फाइलच उघडली. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “घरचं समजला का काय?” तर हसला. लाजलज्जा काही नाही.

मुलाच्या आईबापाकडं चौकशी केली. ती माणसं भेदरलेली होती, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. दोन्ही पोरांचे जुने नंबर बंद. त्यामुळं तपास म्हणजे नुसतं रजिस्टरचं ओझं झालं होतं.

या काळात मी त्यांच्या घरी एकदा जाऊन आलो. घरात माणसं तीनच उरली होती. मोठा भाऊ, त्याची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ आणि धाकट्याची बायको, म्हणजे मुलीची आई. ओसरीवर मोठ्याची बाज आणि बाजेच्या उशाशी भिंतीवर चार्जिंगचा बोर्ड. मुलगी गेल्यापासून त्यानं घराला नियम लावला होता. दिवेलागण झाली की घरातले फोन त्या बोर्डावर आलेच पाहिजेत. रात्रभर ते त्याच्या उशाशी राहायचे. हे त्यानं मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

“एकीनं नाक कापलं तेवढं पुरे,” तो म्हणाला. “आता या घरात कोणाचा फोन लपून राह्यत नाई.”

मुलीची आई आतल्या दाराच्या चौकटीमागं होती. तिचा आवाज मी ऐकला नाही, पदराचा काठ तेवढा दिसला. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे भासरा, समोर असला की बाई बोलत नाही. त्याच्या बाजेवर बसत नाही आणि त्याचं नाव तर मेली तरी घेत नाही. कागदावर नाव हवं असलं की शेजारणीला पुढं करते. त्यामुळं तिच्या गप्प राहण्याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

मग एका सोमवारी मोठा भाऊ ठाण्यात आला नाही. ठाणे अंमलदार म्हणाला, “चला, आज चहा वाचला.” मंगळवारीही आला नाही. आता कुणीही म्हणेल, माणूस थकला असेल. पण माझा अनुभव वेगळा आहे. थकलेला तक्रारदार हळूहळू कमी होतो. आधी दिवसाआड येतो, मग आठवड्यानं, मग फोन करतो. रोज येणारा माणूस एकदम थांबला, तर एक तर त्याचं काम झालेलं असतं, नाहीतर होणार असतं. मी हवालदाराला गावात जाऊन पाहून ये म्हणालो. तो येऊन म्हणाला, “गडी घरीच आहे साहेब. मजेत आहे. गाडी धुऊन राह्यला.”

बुधवारी सकाळी नदीच्या पात्रात एका तरुण बाईचं प्रेत मिळालं. हद्द आमचीच. पंचनामा केला, प्रेत वर्ध्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. वय जुळत होतं, उंची जुळत होती. चार-पाच दिवस पाण्यात राहिल्यानं चेहऱ्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. असा निरोप फोनवर देऊ नये असं मी मानतो. ठाण्यातल्या महिला पोलीस शिपायाला सोबत घेतलं आणि स्वतः त्या घरी गेलो. ही शिपाई मुलगी सेलू भागातली, नोकरीला दोन-तीन वर्षं झालेली, तोंडानं फटकळ पण कामाला चोख.

ओसरीवर तिघंही होते. मी शक्य तितक्या सांभाळून सगळं सांगितलं, प्रेत किती दिवसांचं तेही.

बाप खांबाला धरून खालीच बसला आणि “माही पोट्टी... माही पोट्टी...” एवढंच म्हणत राहिला. हे जगात कुठंही असंच होतं.

मोठा भाऊ बाजेवरून उठलाही नाही. मनगटातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “याले घेऊन जा ओळख पटवाले. मले वर्ध्याले काम आहे.”

“प्रेतही वर्ध्यालाच आहे,” मी म्हणालो. “चला सोबत.”

“माहं काम दुसरीकडं आहे.”

एवढे दिवस माझ्या टेबलावर मुठी आपटणारा माणूस! पुतणीचं प्रेत सापडलं म्हटल्यावर त्याला दुसरीकडं काम होतं.

आणि आई? आई सुपात तुरीची डाळ पाखडत होती. हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. कपडे कोणते होते, हातात काय होतं, कुठं सापडली, काही म्हणजे काही विचारलं नाही. मी तीस वर्षांत अनेक आयांना असा निरोप दिला आहे. भासरा समोर असला तरी अशा वेळी सावत्र आईसुद्धा पदराआडून एक प्रश्न विचारते.

बापाला हवालदारासोबत वर्ध्याला रवाना केलं आणि आम्ही गाडीत बसलो. पुलावर आलो तेव्हा शिपाई मुलगी म्हणाली, “सर, त्या बाईले माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“ते प्रेत तिच्या पोरीचं नाई हे माहीत आहे. आणि त्या बाजेवाल्यालेही माहीत आहे.”

माझ्याही मनात तेच चाललं होतं, पण मी आणखी एक पाऊल पुढं गेलो होतो. घरच्यांनीच मुलीला संपवून दुसरीकडं टाकलं असेल, तरी प्रेत तिचं नाही हे त्यांना ठाऊकच असणार. चोराच्या उलट्या बोंबा मी थोड्या पाहिल्या नव्हत्या. मिसिंग दाखल करणारा हातच गळ्याला लागलेला असतो, असंही घडतं.

ठाण्यात पोचलो तर आमचा एक खबऱ्या वाट बघत बसला होता. खबऱ्या म्हणजे काही काळ्या चष्म्याचा माणूस नव्हे, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा बडबड्या गडी. चोरीचे फोन विकायला आले की सांगायचा.

“साहेब, त्या हरवलेल्या पोरीची माय काल माह्या दुकानात आलती,” तो म्हणाला. “मेसेज पुसून दे म्हणे.”

“मग? लोक पुसतातच.”

“लोक येतात ते म्हणतात फोन भरला, सगळं साफ कर. हिचं तसं नव्हतं. कंपनीचे, बँकेचे, रिचार्जचे ढीगभर मेसेज पडलेले. त्याले हात लावू नको म्हणे. एकाच नंबरचे पुसायचे. तिनं आधी बरेच स्वतःच पुसले होते, एक एक करून. बोट दाबून धरायचं, मग ते खूण करते, मग विचारते खरंच पुसू का, मग हो म्हणायचं. बोट जरा सरकलं की भलताच मेसेज उघडते. वैतागून गेलती बाप्पा! उरलेलं मी पुसून देल्लं. आणि एकच विचारून राह्यली, ‘आता कोणालेच दिसणार नाई ना? कोणालेच?’”

माझा संशय पक्का झाला. ज्या घरात कुणी कचरा काढत नाही तिथं एकच कोपरा झाडलेला दिसला, तर त्या कोपऱ्यात काहीतरी सांडलेलं असतं. आईचा हात यात आहे, असं मी धरून चाललो.

कायद्यानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच जाऊन विचारावं लागतं. एरवी ही अडचण होती, कारण घरात बाजेवरचा माणूस. पण आज बाप वर्ध्याला गेला होता आणि मोठ्याला दुसरीकडं काम होतं. आम्ही लगेच उलट पावली निघालो. घरी पोचलो तर बाज रिकामी होती आणि गाडीही नव्हती. चालकाला रस्त्याकडं तोंड करून उभं केलं. तो माणूस कधीही परत येऊ शकत होता.

बाई ओसरीच्या कडेला बसली. मी बसलो नाही.

“फोन दाखवा.”

तिनं कमरेला खोचलेला फोन काढून दिला. मुलीचाच जुना, काच तडकलेला. मेसेज उघडले. ऑफर, रिचार्ज, बँक. माणसाचा मेसेज एकही नाही.

“काय पुसलं?”

“काई नाई.”

“मोबाइलवाल्याकडं कशाला गेला होता?”

तिनं सूप पुढं ओढलं. मी आवाज चढवला. माझा आवाज तसा बारीक कधीच नव्हता. “तुमची पोरगी तिकडं दवाखान्यात फरशीवर पडली आहे आणि तुम्ही इथं डाळ पाखडता? बाप रडतो, तुमच्या डोळ्यात टिपूस नाही! काय केलं तिचं? कुणी केलं?”

“ते माही पोर नाई,” ती म्हणाली.

“पाहिलं नाही, विचारलं नाही, आणि तुमची नाही हे कसं कळलं?”

आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. शिपाई मुलगी तिच्याजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली, “मावशी, जिती आहे ना ती? आम्ही त्याईच्या बाजूचे नाई व. बोल.”

बाई रिकाम्या बाजेकडं बघत होती. मग तिनं विचारलं, “साहेब, आज बुधवारच ना?”

“बुधवारच.”

“मंग वाचवा तिले,” ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “मी मेसेज पुसले पण काई फायदा नाई झाला. त्याईनं आधीच वाचला.”

पुढचं तिनं रडत, पदरानं नाक पुसत सांगितलं, पण एकही शब्द चुकली नाही. मुलगी यवतमाळला होती. त्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. पोलीस लोकेशन काढतात म्हणून फोन सदा बंद ठेवायची. दोन-तीन दिवसांतून एकदा चालू करून आईला मेसेज टाकायची आणि पुन्हा बंद. आईला मराठी वाचता येत होतं, लिहिण्याची सवय नव्हती. प्रत्येक मेसेज ती दोन-तीनदा वाचायची, पाठ करायची आणि दिवेलागणीच्या आधी पुसायची.

“पाठ कशाला?” शिपाई मुलीनं विचारलं.

“पुसल्यावर मंग काय राह्यते माह्यापाशी?” बाई म्हणाली.

आणि तिनं ते म्हणून दाखवले. ‘आई, पोचलो. काळजी करू नको.’ ‘आई, आज मी पहिल्यांदा पोळ्या केल्या, एकही गोल नाही झाली.’ ‘आई, तू मले कधी फोन करू नको. तुझ्या फोनवरून फोन आला तर मी समजीन मोठे बाबा बाजूले बसले आहे.’ मोठे बाबा म्हणजे भासरा, मुलीचे मोठे काका. आणि शेवटचा. ‘आई, बुधवारी दुपारच्या बसनं वर्ध्याले येतो, कॉलेजातून हॉल तिकीट घेऊन लगेच परत. एकटीच येतो. तू काही बोलू नको.’

हा शेवटचा मेसेज रविवारी रात्री आला. तेव्हा फोन बोर्डावर होता. सकाळी बाईनं फोन हातात घेतला. नवीन मेसेज आला की त्याची अक्षरं ठळक, काळी असतात. उघडून वाचला की बारीक होतात. हे तिला मुलीनंच शिकवलं होतं. हा मेसेज तिनं उघडायच्या आधीच बारीक झालेला होता.

“बाजेवरून माह्याकडं पाहून राह्यले होते,” ती म्हणाली. “काईच बोलले नाई साहेब. एक शब्द नाई. बोलले असते तं बरं झालं असतं.”

सोमवारपासून ठाण्यातला चहा का वाचत होता, ते मला आता कळलं. त्याला आमची गरजच उरली नव्हती. जागा मिळाली होती, वारही मिळाला होता.

“नवऱ्याला का नाही सांगितलं?”

“त्याईले सांगितलं असतं तं ते भावाले सांगते. त्याईच्या पोटात भावापासून काई लपत नाई.”

तिनं दोनदा चोरून मुलीला फोन लावून पाहिला होता, तो बंद लागला. मग घाबरून तो शेवटचा मेसेज, आणि मागं काही उरलं असेल तर तेही, पुसायला दुकानात गेली. वाचलेला मेसेज पुसून काय होणार, हे तिलाही कळत होतं. पण घाबरलेल्या माणसाचे हात काहीतरी करतच राहतात.

मी घड्याळ बघितलं. दुपारची बस निघून गेली असणार. वर्धा शहरच्या ठाण्याला फोन केला, नालवाडीकडच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजवर साध्या वेशातले लोक पाठवायला सांगितले. गाडीचा नंबर दिला. देवळीच्या ठाण्यालाही कळवलं, कारण यवतमाळची बस देवळीवरूनच वर्ध्याला जाते. पण मुलगी कोणत्या बसमध्ये आहे हे कुणाला ठाऊक? कॉलेजच्या फाटकाच्या आधी चौकातच त्यानं तिला गाठलं तर? तिला बसमध्येच सावध करायला हवं होतं.

“नंबर सांगा तिचा.”

“तो नाई माह्यापाशी,” बाई म्हणाली. शब्द न् शब्द पाठ होता, नंबर नव्हता. तो मेसेजांबरोबरच पुसला गेला होता. नावानं साठवला तर सापडेल, म्हणून तिनं तो कधी साठवलाच नव्हता. केलेले दोन फोनही यादीतून काढून टाकले होते. आणि ते काम तिनं चोख केलं होतं, नशीब बघा.

“द्या इकडं सर,” शिपाई मुलगी म्हणाली. “या फोनमध्ये पुसलेलं लगेच मरत नाई. कचरापेटीत जाऊन पडते. महिनाभर तिथंच राह्यते.” तिनं कुठं कुठं दाबलं आणि पडद्यावर ओळी उगवायला लागल्या. पोळ्यांचा मेसेज, पोचल्याचा मेसेज, सगळे. बाईनं तोंडावर हात घेतला. इतके दिवस ती जे पुसून निवांत होत होती, ते बोर्डावर त्याच्या उशाशीच पडून असायचं. त्यालाही ही पेटी माहीत नव्हती म्हणून, नाहीतर यवतमाळचा पत्ता त्याच्या हाती कधीच लागला असता.

शिपाई मुलीनं सगळे मेसेज जागेवर परत आणले आणि नंबर लावला. बंद. ‘वर्ध्याला येऊ नको, देवळीला उतर, पोलीस आहेत’ असा मेसेज टाकला. पुन्हा लावला. बंद. चालक बाहेरून म्हणाला, “साहेब, निघायचं का?” मी हातानंच थांब म्हणालो. ओसरीवर आम्ही तिघं त्या तडकलेल्या काचेकडं बघत उभे होतो.

फोन वाजला, म्हणजे मेसेजचा आवाज झाला. बाईनं झडप घातली. कंपनीचा होता. ‘तुम्ही ज्या क्रमांकावर फोन केला होता तो आता उपलब्ध आहे.’ ज्या मेसेजांना कुणी ढुंकून बघत नाही, त्यातलाच एक.

लगेच लावला. तिकडून उचलला गेला, पण आवाज नाही. नुसती बसची घरघर.

“पोरी, मी व...” आई म्हणाली. आणि फोन कट.

हा त्या पोरीनंच घालून दिलेला नियम होता. आईचा फोन आला म्हणजे मोठे बाबा शेजारी बसलेले. शिपाई मुलीनं लावला, “मी पोलीस बोलतेय” म्हणाली, पुन्हा कट. पोलिसाला का विश्वास ठेवावा तिनं? पोलिसाच्या भीतीनंच तर फोन बंद ठेवत होती. आता तिनं फोन बंद केला की संपलं.

“मले द्या,” आई म्हणाली.

तिनं फोन कानाला लावला आणि चालत गेली ती थेट भासऱ्याच्या बाजेवर जाऊन बसली. तिकडं उचलल्याचा आवाज आला. बाईनं डोळे मिटले आणि भासऱ्याचं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं राव नाही, भाऊ नाही. ते नाव मी लिहिणार नाही, त्याजागी अमक्या म्हणतो.

“अमक्या घरी नाई, पोरी. अमक्या तुह्या कॉलेजच्या दारात बसला आहे गाडी घेऊन. त्यानं तुहा मेसेज वाचला. ऐकून राह्यली काय? मी अमक्याच्या बाजेवर बसून बोलून राह्यली. देवळीलेच उतर.”

मग मुलीचा आवाज, इतका बारीक की मला कसाबसा ऐकू आला. “आई... तू नाव घेतलं त्याचं?”

“घेतलं.”

“उतरतो.”

जन्मात ज्याचं नाव घेतलं नाही, त्याचं नाव आई एकेरीत घेते, म्हणजे तो शेजारी असूच शकत नाही. हे त्या मुलीला जेवढं कळलं तेवढं मला दहा पुरावे ठेवूनही पटवता आलं नसतं. मी पोलीस खात्यात जन्म काढला, पण असा जबाब दुसरा ऐकला नाही.

आईला गाडीत घेऊन आम्ही देवळी गाठली. बस आमच्या आधी पोचली होती. स्टँडवर देवळीचे दोन पोलीस आणि त्यांच्या मधोमध तोंडाला ओढणी बांधलेली मुलगी. आई गाडीतून उतरताना पडलीच, तशीच उठली आणि पोरीला धरून तिनं आधी पाठीत एक धपका घातला. मग दोघी रडल्या. स्टँडवरची माणसं बघत होती, मी त्यांना दटावून हाकललं. माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं, ते त्यांनी बघायचं काही कारण नव्हतं.

वर्ध्यात कॉलेजच्या फाटकासमोर मोठा भाऊ सापडला, सोबत बाहेरगावचे दोघे. गाडीत सीटखाली दोरखंड आणि लोखंडी पाइप. रात्री माझ्यासमोर बसवला तेव्हा तो आधी म्हणाला, पुतणीला समजावून घरी आणायला गेलो होतो.

“समजावायला पाइप लागतो?” मी विचारलं.

मग तो पुष्कळ बोलला. इज्जत, खानदान, गाव काय म्हणेल. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “सकाळी प्रेत सापडलं सांगितलं तेव्हा बघायला का नाही आलात?” त्यानं पुन्हा इज्जतीचंच सुरू केलं. सोबतच्या दोघांनी मात्र सकाळ होण्याआधी सगळं ओकून टाकलं. काय ठरलं होतं ते इथं लिहीत नाही. नदीत मिळालेल्या त्या दुसऱ्या मुलीच्या घरच्यांचाही पुढं तपास लागला, ती गोष्ट वेगळी आहे.

मुलीनं न्यायाधीशांसमोर जबाब दिला, आपल्या मर्जीनं गेले म्हणून. परीक्षा तिनं दिली, दारात आमची शिपाई उभी राहायची. बाप प्रेतघरातून परत आला तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. मग एक दिवस त्यानं बायकोला घेऊन त्याच गावात वेगळी चूल मांडली. तेवढं धाडस त्याच्यात होतं, हे त्यालाही नवीन होतं.

फोन मुद्देमालात जमा केला होता, तो कोर्टाच्या हुकमानं पुढं परत मिळाला. पावतीवर सही करताना बाईनं आधी मेसेज आहेत ना ते पाहिलं आणि मगच पेन हातात घेतलं.

खात्यात आम्हाला शिकवलेलं असतं, पुसणारा लपवतो आणि लपवणारा गुन्हेगार. मीही नव्या पोरांना तेच शिकवत होतो. या प्रकरणानंतर त्यात भर घातली. पुसलं कुणी हे नंतर बघा, ते कुणाच्या धाकानं पुसलं हे आधी विचारा. त्या दिवशी मी जिला आरोपी धरून तिच्यावर ओरडलो, ती बाई तिच्या पोरीच्या जिवावर एकटी पहारा देत होती.

निवृत्तीनंतर एकदा बसस्टँडवर तो मोबाइलवाला भेटला. चहा घेतल्याशिवाय सोडेना.

“साहेब, ती बाई येते अजून,” तो म्हणाला. “तोच फोन. गच्च भरला आहे, नवीन मेसेज घेत नाई. म्हटलं, जुने पुसून टाकू. तं माह्या हातातून फोनच हिसकला! बाप्पा, फोटो पुसले, गाणे पुसले, नवऱ्याच्या चुलतभावाच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ पुसायले लावला. पण मेसेजले हात लावू देत नाई. रिचार्जच्या मेसेजलेही नाई.”

“मग काय केलं?”

“काय करणार? नवा फोन घ्या म्हटलं. तं म्हणते, ‘यातलं सगळं त्यात येते काय? मंगच घेतो.’”